आखाजी आणि बारा तासांची पाळी

एप्रिल-मे उजाडला की आपल्या गोव्यात पुरुमेताची घाई सुरू होते. सोलां, मिरच्या, चिंच, सुकी मासळी, पावसाआधी सगळे घरात भरून ठेवले पाहिजे. माणूस कुठेही राहो, ऋतू त्याच्या हातांना असेच कामाला लावतात, असे मी समजत होतो. सुरतेच्या बमरोलीत एका खानदेशी स्नेह्याकडे चार दिवस राहिलो आणि तो समज ढिला झाला.

बमरोली पावरलूमची वस्ती. लूमच्या कारखान्याला तिकडे 'खाते' म्हणतात. सकाळी सात ते संध्याकाळी सात, मग रात्रपाळी. मजुरी विणलेल्या मीटरवर. मागांच्या खडखडाटात बाहेर पाऊस पडतो की नाही, तेही कळत नाही.

स्नेह्याचे वडील धुळे जिल्ह्यात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमालकाकडे राबणारे गडी. खानदेशात हे साल अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या आखाजीला, संपते आणि नवे ठरते. रब्बी घरात आलेली, पेरणीला अवकाश. त्याच दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. पितरांसाठी घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि खापरावर पुरणपोळ्या करतात. मजुरीचा हिशेब, लेकी, पितर, सारे एकाच सणात! १९७२ च्या दुष्काळात शेतच पिकले नाही, तर साल कुणाशी ठरवणार? वडिलांनी दोंडाईच्याहून सुरतेची गाडी धरली.

हे ऐकून हळहळणे सोपे आहे. पण स्नेही म्हणाला, वडिलांना सालदारकी परत नको होती. मालकाकडून घेतलेली उचल वर्षभर फिटत नसे. इथे निदान पंधरवड्याला हातात पैसा येई.

फक्त आखाजीला सुट्टी नाही. कापडबाजार थांबतो तो दिवाळीत. गावी जावे तर तेवढ्या मीटरांवर पाणी. "आठे बारा महिना एकच पाळी शे," तो म्हणाला.

मी होतो तेव्हाच आखाजी आली. त्याच्या आईने गॅलरीत घागर भरली. तो रात्रपाळीहून आला, अंघोळ करून घागरीपुढे वाकला, दोन पोळ्या आमरसाशी खाल्ल्या आणि झोपला. संध्याकाळी पुन्हा खात्यावर.

निघताना आईने विचारले, तुमच्याकडे पेरणी कधी?

मी म्हटले, मिरगाला.

"आमच्याकडेही मिरगालाच," ती म्हणाली. तिने स्वतः शेवटची पेरणी केली, त्याला पन्नास वर्षे होऊन गेली आहेत.