आजीचे शिवणयंत्र

यवतमाळच्या घरी माळ्यावरून आजीचे 'सिंगर' खाली काढले. "एवढ्या पैशात नवी मशीन येते, भाऊ!" मिस्त्री म्हणाला. घट्ट झालेले तेल रॉकेलने सोडवायचे, पट्टा नि शटल बदलायचे. त्याचा हिशेब खरा होता.

आयझॅक सिंगरने १८५१ साली अमेरिकेत पेटंट घेतले. १८५६ पासून त्याच्या कंपनीने हप्त्यांची सोय केली आणि यंत्र सामान्यांच्या घरात शिरले. इकडे वऱ्हाडचा कापूस 'शकुंतले'च्या अरुंद रुळांवरून बाहेर जाई, नि कापड होऊन परते. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्र अपवाद मानले.

आजीने त्यावर लोकांचे झंपर शिवून लेकरे वाढविली. ती मजुरी कोणी हिशेबात धरली? मी मुकाट्याने पैसे मोजले.