आजारी असला तरी विद्यार्थीच : युरोपातील विद्यार्थी-साहाय्याचा इतिहास



मागच्या व्याख्यानात युरोपात विद्यापीठ ही संस्था कशी उभी राहिली ते आपण पाहिलं. अभ्यासक्रम पाहिले, पदव्या पाहिल्या, वादसभा पाहिल्या. एक साधा प्रश्न मात्र राहून गेला. हा विद्यार्थी जेवत कुठे होता? राहत कुठे होता? आजारी पडला तर त्याचं काय होत होतं? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी असले प्रश्न विचारायचे नसतात, असा एक समज आहे. आज आपण तो समज बाजूला ठेवू.

याला कारणही आहे. विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य हा विषय आज युरोपातल्या विद्यापीठांमध्ये ऐरणीवर आला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये इटलीच्या यजमानपदाखाली युरोपच्या उच्चशिक्षण मंत्र्यांची परिषद ऑनलाइन भरली. शिक्षणाची सामाजिक बाजू बळकट करण्यासाठी तिने दहा तत्त्वं मान्य केली, आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आणि समुपदेशन मिळालं पाहिजे हे त्यांत स्पष्टपणे आहे. दुसरं कारण आपल्या घरातलं. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. त्यांत मराठी मुलंमुली किती असतील, हे आपापल्या सोसायटीत डोकावलं तरी कळेल.

आजच्या व्याख्यानाचं सूत्र आधीच सांगून टाकतो. मदतीची कुठलीही व्यवस्था घ्या, ती न बोलता एका प्रश्नाचं उत्तर देत असते : समोर उभा आहे तो कोण? याचक? रोगी? गिऱ्हाईक? की विद्यार्थी? युरोपच्या इतिहासात जी मदत टिकली आणि जिचं नाव राहिलं, तिने त्या मुलाचं विद्यार्थीपण शाबूत ठेवलं. जी फसली, किंवा क्रूर झाली, तिने ते काढून घेतलं.

आता सुरुवातीपासून पाहू. ११५५च्या सुमारास सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने एक फर्मान काढलं. 'हाबिता' या नावाने ते ओळखलं जातं. त्या काळी बोलोन्यात दूरदूरहून कायदा शिकायला मुलं येत. एखाद्याच्या गावचा कुणी व्यापारी कर्ज बुडवून पळाला, की लोक त्या गावच्या विद्यार्थ्याला धरून वसुली करत. बादशहाने सांगितलं, हे चालणार नाही. शिक्षणासाठी प्रवास करणाऱ्याला संरक्षण आहे. जो असं काही घेईल त्याने चौपट परत करावं. इथे पहिल्यांदा 'विद्यार्थी' ही ओळख 'अमक्या गावचा' या ओळखीच्या वर ठेवली गेली.

ऑक्सफर्डची गोष्ट जरा रक्ताळलेली आहे. १२०९ साली एका स्त्रीचा खून झाला, संशय एका विद्यार्थ्यावर आला, तो सापडेना. तेव्हा शहरवासीयांनी त्याच्याबरोबर राहणाऱ्यांनाच धरून फाशी दिलं. शिक्षक-विद्यार्थी शहर सोडून निघाले, त्यातले काही केंब्रिजला गेले. पुढे १२१४ साली पोपच्या प्रतिनिधीने तडजोड घडवली. तिच्यातली कलमं पाहण्यासारखी आहेत : विद्यार्थ्यांच्या घरांचं भाडं दहा वर्षं निम्मं करा, गरीब विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम द्या, आणि सेंट निकोलसच्या सणाला शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवू घाला. या पैशातून १२४० साली बिशप ग्रोसटेस्टने एक पेटी सुरू केली. पुस्तक वगैरे तारण ठेवायचं, बिनव्याजी पैसे घ्यायचे, परत केले की पुस्तक सोडवून न्यायचं. भिक्षा नाही, कर्ज. आणि तारण काय, तर त्याचं पुस्तक. म्हणजे पत कशावर, तर तो विद्यार्थी आहे यावर!

पॅरिसमध्ये ११८० साली लंडनच्या एका श्रीमंत यात्रेकरूने इस्पितळातली एक खोली अठरा गरीब विद्यार्थ्यांसाठी घेऊन दिली. बदल्यात काय करायचं? इस्पितळात मेलेल्यांच्या पार्थिवापुढे क्रूस आणि पवित्र पाणी घेऊन आळीपाळीने चालायचं. पॅरिसमधल्या कॉलेजांची परंपरा तिथून सुरू होते. रोबेर द सॉर्बोंचं कॉलेज त्यानंतरचं, १२५७ सालचं.

आता जर्मनीत येऊ. तिथे 'फ्राइटिश' नावाची चाल होती. शब्दशः अर्थ, फुकटचं टेबल. गरीब विद्यार्थ्याला कुणाच्या तरी घरी किंवा एखाद्या संस्थेत जेवण मिळे. आपल्याकडे जुन्या पुण्यात मुलं वार लावून जेवत, तसंच काहीसं. सोमवार अमक्यांकडे, मंगळवार तमक्यांकडे. अशा जेवणावर पुष्कळ माणसं मोठी झाली, हे खरं. पण वार लावून जेवणारा मुलगा पानावर बसताना खाली मान घालून बसतो, हेही खरं. हाले शहरात फ्रांकेने सतराव्या शतकाच्या अखेरीस यावर एक तोड काढली. जेवणाच्या बदल्यात विद्यार्थ्यांनी त्याच्या शाळांत शिकवायचं. मान जराशी वर आली.

ती पूर्ण वर आली पहिल्या महायुद्धानंतर. इथे आपण जरा थांबू.

१९१८ नंतर सैन्यातून परतलेले हजारो तरुण एकदम जर्मन विद्यापीठांत दाखल झाले. अंगावर जुना लष्करी कोट, खिशात काही नाही. घरची पुंजी महागाईने गिळली होती. बाहेरून मदत आली, क्वेकर मंडळींची आली, रूथ राउझ या इंग्रज बाईंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या युरोपीय विद्यार्थी-साहाय्य चळवळीची आली. पण खरी नवी गोष्ट आतून घडली. फेब्रुवारी १९२१ मध्ये ट्युबिंगन इथे विद्यार्थ्यांची आर्थिक साहाय्य संस्था स्थापन झाली. तिचं सूत्र एकच : स्वतःची मदत स्वतः करायची, आणि कारभार विद्यार्थी व प्राध्यापकांनी मिळून पाहायचा. त्यांनी स्वस्त भोजनगृहं चालवली. त्यांना 'मेन्सा' म्हणतात, लॅटिनमध्ये मेन्सा म्हणजे टेबलच. टेबल तेच, पण फुकटचं नाही. विद्यार्थी आपले चार पैसे देऊन, आपल्याच संस्थेत, ताठ मानेने जेवत होता. पुढच्याच वर्षी कर्जनिधी आला. खाणीत, कारखान्यात काम करून शिकणाऱ्याला 'वेर्कश्टुडेंट' हा शब्द रूढ झाला. आपण त्याला सरळ 'कमवा आणि शिका' म्हणू. याच काळात, १९२२ साली, डॉ. आंबेडकरांनी काही काळ बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला होता. लंडनमध्ये अर्धपोटी अभ्यास करणाऱ्या बाबासाहेबांना त्या जर्मन मुलांची परिस्थिती वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता तिची दुसरी बाजू.

विद्यार्थ्यांच्या हाती कारभार दिला की सगळं चांगलंच होतं, असं आम्हा शिक्षकमंडळींना कधी कधी वाटतं. इतिहास तसं म्हणत नाही. जर्मन विद्यार्थी संघटनेच्या ऑस्ट्रियातल्या शाखा ज्यू विद्यार्थ्यांना सदस्य करून घेत नसत. प्रशियाचे शिक्षणमंत्री बेकर म्हणाले, हे सोडा, नाहीतर सरकारी मान्यता जाईल. १९२७ साली मतदान झालं. प्रशियातल्या विद्यार्थ्यांनी मोठ्या बहुमताने मंत्र्यांची अट नाकारली. मान्यता गेली तरी चालेल, पण ही भिंत राहू द्या! १९३१ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या दोन वर्षं आधी, संघटनेचं नेतृत्व नाझी विद्यार्थ्यांच्या हाती गेलं. एप्रिल १९३३च्या कायद्याने नव्या प्रवेशांत ज्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावर आणलं, आणि साहाय्य संस्थेची दारं ज्यू आणि डाव्या विद्यार्थ्यांना बंद झाली. मेन्सा तीच, कर्जपेटी तीच. फक्त 'तू विद्यार्थी नाहीस' असं काहींना सांगण्यात आलं. म्हणून नुसतं स्वशासन पुरत नाही. बहुमताला हात लावता येणार नाही असा हक्क त्याच्या वर असावा लागतो.

आता शरीराकडे वळू. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विद्यार्थ्यांचा मोठा वैरी होता क्षय. कोंदट खोल्या, अपुरं अन्न, रात्रीची जागरणं. क्षय झाला की डोंगरावर आरोग्यधामात पाठवायचं, आणि तिथे महिनोन्‌महिने, वर्ष वर्ष नुसतं पडून राहायचं. शिक्षण संपलं. स्वित्झर्लंडमध्ये डॉ. लुई व्होतिए यांनी १९२२ साली लेझां इथे विद्यार्थ्यांसाठी वेगळं आरोग्यधाम उघडलं. खर्चासाठी देशभरातले निरोगी विद्यार्थी आणि प्राध्यापक वर्गणी भरत. तिथे औषधोपचार होतेच, शिवाय ग्रंथालय होतं, व्याख्यानं होती.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दावोस हे नाव माहीत असतं. १९२९ साली तिथे काशिरर आणि हायडेगर यांचा गाजलेला वाद झाला. कांटचा अर्थ काय, माणूस म्हणजे काय. आम्ही तो वर्षानुवर्षं शिकवला. पण तो वाद दावोसलाच का झाला? दावोस हे क्षयाच्या आरोग्यधामांचं गाव. आजारी विद्यार्थ्यांचा विद्येशी संबंध तुटू नये, हा तिथे विद्यापीठीय व्याख्यानमाला सुरू होण्यामागचा एक हेतू होता. १९२८च्या पहिल्या वर्षी आइन्स्टाइन तिथे बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, कामापासून तुटलेला तरुण रोगी स्वतःच्या आजारावरच विचार करत बसतो, मनाने खचतो. बेताचं बौद्धिक काम बरं होण्याच्या आड येत नाही, उलट मदतच करतं. आज मानसोपचाराच्या पुस्तकात शोभेल असं हे बोलणं क्षयरोग्यांविषयी होतं.

फ्रान्समध्ये हीच कल्पना विद्यार्थी संघटनेने उचलली आणि १९३३ मध्ये ग्रनोबलजवळच्या डोंगरावर सेंतिलेर इथे विद्यार्थी-आरोग्यधाम सुरू झालं. पुढे प्रसिद्धीला आलेला रोलाँ बार्थ १९४२ पासून तिथे रोगी होता, आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या मासिकात त्याचे सुरुवातीचे लेख आले. मासिक रोग्यांचं, असं कुणी म्हणत नाही. ते विद्यार्थ्यांचं होतं.

युद्ध संपल्यावर १९४६ साली त्याच ग्रनोबलमध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांनी एक सनद मंजूर केली : विद्यार्थी हा तरुण बौद्धिक कामगार आहे. कामगार म्हटलं की हक्क आले. १९४८च्या कायद्याने विद्यार्थ्यांना सामाजिक विमा मिळाला, आणि तो चालवायला दिला त्यांच्याच संस्थेकडे. १९५६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पहिलं मानसिक साहाय्य केंद्र पॅरिसमध्ये उघडलं. औषधांनी क्षय आटोक्यात आला तेव्हा आरोग्यधामं चालवणाऱ्या प्रतिष्ठानाने आपला वारसा मनाच्या आजारांकडे वळवला. उपचार आणि वर्ग एकाच छताखाली, असे दवाखाने ते आजही चालवतं. विमा चालवणाऱ्या संस्थेचं मात्र पुढे आर्थिक गैरव्यवहारांत वाटोळं झालं, हेही सांगायला हवं. २०१८च्या कायद्याने विद्यार्थ्यांचा वेगळा विमा सर्वसाधारण व्यवस्थेत विलीन झाला. फिनलंडमध्ये १९५४ साली स्थापन झालेली विद्यार्थी आरोग्यसेवा आजही चालू आहे. देशाच्या कायद्यात तिला जागा आहे आणि विद्यार्थी तिची फी भरतात.

आता आजच्या काळात येऊ. जानेवारी २०२१, करोनाचे दिवस. फ्रान्समध्ये अन्नवाटपाच्या रांगेत विद्यार्थी उभे राहिले. सरकारने एक युरोत जेवण सर्वांना खुलं केलं, आणि फेब्रुवारीत मानसोपचारतज्ज्ञाच्या तीन भेटी मोफत दिल्या. ताट आणि मन ही दोन्ही संकटं एकाच महिन्यात दारात आली, हा काही योगायोग नव्हता. जर्मनीत आज साहाय्य संस्थेच्या वसतिगृहात साधारण दहातल्या एकालाच खोली मिळते. बाकीचे बाजारभावाने खोली शोधतात. अशा मुलाला झोप लागत नसेल, तर त्याला श्वासाचे व्यायाम शिकवावेत हे ठीक. पण तेवढंच शिकवावं, हे ठीक नाही.

ब्रिटनमध्ये आणखी एक बदल झाला. १९९८ साली शुल्क सुरू झालं, २०१२ मध्ये ते वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत गेलं. विद्यार्थी गिऱ्हाईक झाला. आणि गिऱ्हाइकाला सेवा मिळते : एक विभाग, एक ईमेल, एक प्रतीक्षायादी. २०१८ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने आपलं जीवन संपवलं. चारचौघांत बोलण्याची तिला तीव्र भीती वाटे, आणि त्या दिवशी तिला तोंडी सादरीकरण करायचं होतं. आईवडील कोर्टात गेले. २०२२ मध्ये कोर्टाने विद्यापीठाला समानता कायद्याखाली दोषी धरलं आणि २०२४ मध्ये वरच्या कोर्टाने तो निर्णय कायम केला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : तिची परीक्षा घ्यायची पद्धत बदलता आली असती, आणि ती बदलायला हवी होती. विद्यार्थ्यांची काळजी घेणं हे विद्यापीठाचं सर्वसाधारण कायदेशीर कर्तव्य आहे का, यावर ब्रिटनमध्ये अजून वाद चालू आहे.

आम्हा शिक्षकांना हा निकाल टोचतो, आणि टोचावा. कारण मदत म्हणजे समुपदेशकाची खोली, जी कॉरिडॉरच्या टोकाला आहे, अशी आपली समजूत असते. कोर्ट म्हणतं, मदत वर्गात आहे, परीक्षेत आहे, तुमच्या टेबलावर आहे. आजारी मुलाला कुठे पाठवायचं, हा प्रश्न नंतरचा. त्याला विद्यार्थी म्हणून राहता यावं यासाठी आपण काय बदलणार, हा आधीचा. लेझांच्या डॉक्टरला हे १९२२ साली कळलं होतं.

तेव्हा तुमच्या ओळखीचं कुणी तिकडे शिकायला निघालं असेल, तर एवढं जरूर सांगा. सत्राच्या सुरुवातीला भरलेल्या पैशांतला एक हिस्सा साहाय्य संस्थेला जातो. तिथलं जेवण, तिथली खोली, तिथला समुपदेशक हे कुणाचे उपकार नाहीत. शंभर वर्षांपूर्वी जुन्या कोटातल्या मुलांनी ते उभं केलं आहे. मागायला लाजू नये.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.