साष्टीची भट्टी आणि आमची चूल

करंजी आणि पाई हीं एकाच कल्पनेचीं दोन अपत्यें आहेत, असें म्हटल्यास कित्येक वाचकांस तें चमत्कारिक वाटेल. परंतु दोहोंची रचना ताडून पाहावी. दोहोंतहि तुपाचें मोहन घातलेली पारी, आंत सारण, आणि कडा दाबून मिटविलेलें तोंड. एक कढईंत उतरते, दुसरी भट्टींत जाते. मुख्य भेद एवढाच. आज अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत पुष्कळ सुशिक्षित घरांत विजेची लहान भट्टी आली आहे, आणि पहिल्या प्रयत्नांत पाई वरून फिकी व तळाशीं ओली कां राहिली, हें कोडें नवशिक्या गृहिणीस पडतें. कोडें पाकशास्त्राचें आहे खरें. पण त्याच्या पोटांत इतिहासाचा एक प्रश्न दडलेला आहे. शेजारच्या गांवांत ही विद्या शतकानुशतकें नांदत असतां आमच्या स्वयंपाकघरांत ती इतक्या उशिरां कां आली?

आजचीं उपनगरें जुन्या साष्टी बेटावर वसलेलीं आहेत. १५३४ च्या वसईच्या तहानें हें बेट गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेलें. १७३७ सालीं तें मराठ्यांनीं व १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं घेतलें. पोर्तुगीज अमदानीच्या दोनशें वर्षांत येथील अनेक कुळांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण मराठी बोली सोडली नाहीं. १८८७ पासून हा समाज स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवूं लागला. त्यांच्या घरीं नाताळांत नेवऱ्या तळल्या जातात. ती आमचीच करंजी होय. त्याच फराळांत रवा, खोबरें, साखर व अंडीं एकत्र करून थाळींत भाजलेलें पक्वान्नहि असतें. गोव्याहून येऊन उपनगरांत स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं मांसाचें सारण भरलेल्या लहान पाई आणल्या. पोर्तुगीज भाषेंत पाईला ‘एंपादा’ म्हणतात. पाव हा शब्दहि त्याच भाषेंतला. यीस्ट नसे तेव्हां पीठ फुगविण्यास ताडी-माडी वापरीत. म्हणजे ज्यांनीं धर्म बदलला त्यांनीं करंजी टाकली नाहीं आणि भट्टीहि आपलीशी केली. आम्हीं मात्र भट्टीकडे पाठ फिरविली.

याचें एक कारण चुलीच्या घडणींत आहे. चूल खालून तापते. भाकरी, पोळी, कढई या सर्वांस तेवढें पुरतें; पाईला मात्र चहूंकडून आंच हवी, आणि विशेषतः वरून. परंतु हें कारण पुरेसें नव्हे. पातेल्याच्या झांकणावर निखारे ठेवून वरची आंच देण्याची युक्ति आमच्याकडे ठाऊक होतीच. मुंबईच्या जुन्या रहिवाशांपैकीं पाठारे प्रभूंच्या घरांत कोबी व कोळंबीचें भानोलें असेंच भाजलें जाई. त्याच ज्ञातींतील लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं १९१० सालीं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. साधन व कौशल्य या दोहोंची वाण नव्हती, हें एवढ्यावरून स्पष्ट आहे.

खरी भिंत स्पर्शास्पर्शाची होती. १८४९ च्या सुमारास मुंबईंत स्थापन झालेल्या परमहंस सभेंत प्रवेश करणारास ख्रिस्ती माणसानें केलेला पाव खाऊन जातिबंधन तोडल्याची साक्ष द्यावी लागे. आणि ही सभा गुप्तपणें भरत असे. चाळीस वर्षांनींहि स्थिति फारशी पालटली नव्हती. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटांच्या निमित्तानें ग्रामण्य उठलें, आणि १८९२ मध्यें न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषासहि प्रायश्चित्त घ्यावें लागलें. जेथें बिस्किटाचा तुकडा तोंडांत घालणें धर्मसंकट ठरे, तेथें तें भाजावें कसें हें शेजारणीस विचारावयास कोण जाणार? अंड्याचा विटाळ तर त्याहून मोठा.

ही भिंत वादविवादानें पडली त्यापेक्षां बाजारानें अधिक पाडली. १९२९ सालीं विलेपार्ल्यांत निघालेला मिठाईचा कारखाना पुढें बिस्किटें करूं लागला, आणि बंद पुड्यांतलें बिस्किट कोणाच्या हातचें, हा प्रश्न हळूहळू मागें पडला. इराण्यांच्या बेकऱ्यांनीं खारीची गोडी लावली; खारी म्हणजे सारणावांचूनची पाईच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उपनगरांतील कुटुंबें मैदा, साखर व वनस्पति तूप घेऊन जवळच्या भट्टीवर जात आणि डबाभर नानकटाई भाजवून आणीत. पदार्थ घरांत आला. विद्या मात्र भट्टीवाल्याकडेच राहिली. आजच्या नवशिकेपणाचें मूळ येथें आहे.

तरीहि आमची गृहिणी अगदीं रित्या हातांनीं आरंभ करीत नाहीं. चिरोट्याचा साटा जिला साधला तिला पापुद्र्याचें रहस्य कळलेलेंच आहे: पिठाच्या थरांमध्यें तूप असावें, व आंच लागतांच आंतल्या पाण्याची वाफ होऊन तिनें थर उचलावेत. म्हणून भट्टींत जाईपर्यंत लाटलेली पारी थंड असावी आणि भट्टी आधींच, सुमारें २०० अंश सेल्सिअसपर्यंत, तापलेली असावी. सारण ऊन किंवा पातळ असेल तर तळ ओला राहतो. वरच्या पारीस चीर न दिल्यास वाफ वाटेल तेथून फुटते.

राहिली वरची झळाळी. पिवळ्या बलकांत चमचाभर दूध फेंटून तें कुंचलीनें पातळ लावावें. थोडें सुकल्यावर दुसरा हात द्यावा. कापलेल्या कडेवर ओघळ येऊं देऊं नये, नाहींतर अंडें थर चिकटवून टाकतें व पापुद्रे उठत नाहींत. प्रथिनें व शर्करा यांचा आंचेंत संयोग होऊन तांबूस रंग येतो, हें फ्रेंच रसायनज्ञ माय्यार यानें १९१२ सालीं दाखविलें. ज्या घरांत अंडें वर्ज्य आहे तेथें किंचित् साखर विरघळविलेलें दूध लावावें. रंग येतो, चकाकी मात्र कमी.

एवढें पुस्तकांतून शिकतां येतें. परंतु आंच केव्हां मंद करावी, कडेचा रंग कोणता झाला म्हणजे तळ भाजला असें समजावें, हें अनुभवी हाताजवळ उभें राहूनच कळतें. असे हात मरोळ, बोरिवली, कुर्ला येथील जुन्या गांवठाणांत अजून आहेत, आणि ते मराठींतच बोलतात. यंदाच्या दिवाळींत करंजीचें ताट घेऊन त्यांच्या घरीं जावें, आणि नाताळापूर्वीं भट्टीपाशीं उभें राहण्याची परवानगी मागावी. १८९० सालीं जो प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, तो आज विचारण्यास कसलेंहि प्रायश्चित्त नाहीं.