एका मुक्या अक्षराची वंशावळ

‘आयलॅण्ड’ ह्या शब्दातील अनुच्चारित ‘एस’ गाळल्याबद्दल आम्ही बालपणी छड्या खाल्ल्या आहेत. पुढे कोश चाळू लागलो तेव्हा कळले की, मूळ इंग्रजी शब्दात ते अक्षर नव्हतेच! जुन्या इंग्रजीत ‘ईग’ म्हणजेच बेट; त्यास भूमिवाचक ‘लॅण्ड’ जोडून हा अस्सल जर्मानिक शब्द सिद्ध झाला. लॅटिनमधील ‘इन्सुला’शी त्याचे काडीचेही नाते नाही. ‘इन्सुला’पासून फ्रेंचमार्गे आला तो ‘आइल’. अर्थ तोच, कूळ मात्र निराळे. त्या ‘आइल’मध्ये लॅटिनाभिमानी पंडितांनी पूर्वजाची खूण म्हणून ‘एस’ पुन्हा बसविला, आणि सोळाव्या शतकात त्याची लागण ह्या गरीब शेजाऱ्यासही झाली. १८२८ साली नोहा वेब्स्टर ह्याने आपल्या कोशात हे रूप विपरीत ठरवून ‘एस’विरहित रूपच खरे इंग्रजी होय, असे बजावले. ‘कलर’मधील ‘यू’ गाळण्यास राजी झालेल्या अमेरिकनांनी येथे मात्र त्याचे ऐकले नाही. मराठीने १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार टाकले. त्यांतील पुष्कळ तर खऱ्या पूर्वरूपांच्या खुणा होते.