बँडी-बँडी : एका सापाच्या नावाचा इतिहास



आयुष्यभर शब्द शिकविणाऱ्याने सापावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या सापाची कथा मुळात नामकरणाचीच कथा आहे.

पूर्व ऑस्ट्रेलियात काळ्या-पांढऱ्या वलयांचा, फार तर पाऊण मीटर लांबीचा एक साप आढळतो. आपल्याकडील माणसास तो पाहून मण्यारच आठवावी. तो जमिनीखाली राहतो आणि जवळजवळ केवळ वाळ्यांवर, म्हणजे गांडुळासारख्या आंधळ्या सापांवर, जगतो. विष सौम्य, तोंड लहान. डिवचला तर अंगाच्या कमानी करून जमिनीवरून उचलतो. ‘बँडी-बँडी’ हे त्याचे नाव न्यू साउथ वेल्समधील आदिवासी भाषेतून आले. त्यात इंग्रजी ‘बँड’, म्हणजे पट्टा, ऐकू येतो खरा. पण तो निव्वळ योगायोग. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने कानावर विसंबू नये, ते असे!

विद्वानांचे डोळेही असेच फसले. ब्रिटिश म्युझियमचे जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1841 मध्ये या सापाचे वर्णन करताना त्याला ‘कॅलमारिया’ या प्रजातीत घातले. त्या प्रजातीतले साप आशियातले, बिळात राहणारे आणि पूर्णतः निर्विष. आपला बँडी-बँडी मात्र नाग आणि मण्यार यांच्या कुळातला. 1858 मध्ये अल्बर्ट गुंथर यांच्या सर्पसूचीत ग्रे यांचेच नवे प्रजातिनाम आले : ‘व्हर्मिसेला’, म्हणजे इवलासा कृमी. हेच गुंथर पुढे 1864 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील सरीसृपांवर ग्रंथ लिहिते झाले.

एवढ्याने प्रश्न मिटला नाही. संग्रहालयांतील नमुन्यांची नव्याने छाननी करून कीओ आणि स्मिथ यांनी 1996 मध्ये व्हर्मिसेलाच्या पाच जाती मान्य केल्या. त्यांपैकी दोन सर्वस्वी नव्या होत्या.

सहावी जात 2018 मध्ये जाहीर झाली, तीही अपघाताने. क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाकडील वाइपा येथे ब्रायन फ्राय आणि त्यांचे सहकारी समुद्रसर्प शोधावयास गेले होते. किनाऱ्यालगत काँक्रीटच्या ठोकळ्यावर त्यांना हा साप दिसला. जवळच बॉक्साइटचा ढीग होता. वाइपा हे बॉक्साइटच्या खाणींचेच गाव. दुसरा एक साप खाणीजवळ वाहनाखाली मेलेला मिळाला. ज्याला नाव नाही, त्याच्या रक्षणाचा अर्ज तरी कोणत्या नावाने करावा? पुढे शोध घेता या जातीचे दोन नमुने संग्रहालयात आधीपासूनच असल्याचे आढळले.