डब्याचा पत्रव्यवहार

नाशिकच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण संस्थांपासून आरंभ करतो. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला, १९२४ साली हंप्राठा महाविद्यालय सुरू झाले. या इतिहासात संस्थापक असतात, देणगीदार असतात, इमारती असतात. त्या इमारतींत शिकणारा खेड्यातला मुलगा काय जेवत होता आणि ते कोणी रांधले होते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

पूर्वी परगावी शिकणे म्हणजे परक्याच्या अन्नावर शिकणे होते. ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरी किंवा वारावरचे जेवण मिळे. इतरांना ती वाट बहुतांशी बंद होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहे उभारली ती याच गरजेतून. नाशिकचे उदोजी मराठा बोर्डिंगही त्याच परंपरेतले. तेथे अन्नाला मानाचे स्थान मिळाले. पण घरचा हात त्यात नव्हता. तो फराळाच्या पार्सलातून कधीमधी पोहोचे: जाड कापडात शिवलेले, लाखेचे शिक्के मारलेले.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे ती तालुक्यांतून गावोगावी पोहोचली आणि घरचा हात रोजच्या रोज शहरात येऊ लागला. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून सकाळच्या गाडीने डबे निघत. कापडी पिशवीवर मुलाचे नाव, आत बाजरीची भाकरी, ठेचा, एखादी कोरडी भाजी. आठवड्याअखेरीस शेंगदाण्याचे लाडू. मुलगा स्थानकावर येऊन पिशवी ओळखून घेई आणि रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवी.

आम्हांला हा पत्रव्यवहार वाटतो. आपल्या वाङ्मयेतिहासाने पत्रांना साधन मानले. पण पत्र लिहायला अक्षर लागते. पाठवणाऱ्या कितीतरी आयांना ते येत नव्हते. ठेच्याऐवजी नुसते मीठ आले तर घरची ओढाताण कळे. पिशवीच्या तळाशी दुमडलेली नोट निघाली तर कांदा विकला गेल्याचे कळे. डबा न संपता परतला, की आई दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी निरोप धाडी. लिहिणे आणि वाचणे दोन्ही होत होते, फक्त कागद नव्हता.

म्हणूनच या साधनाचा संग्रह कोठेही नाही. डबा खाऊन संपतो, पिशवी विरते. २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि अनेक महिने गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा या व्यवस्थेवर किती घरे विसंबून होती याची जाणीव झाली. आज कुरिअर आहे, खाणावळी आहेत, दूरध्वनीवर आईचा चेहराही दिसतो.

मराठी ग्रामीण आत्मकथनांत हा डबा वारंवार येतो. आपण तो दारिद्र्याची खूण म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पहाटे चारला चूल पेटवणाऱ्या बाईचे ते शिक्षणकार्य होते, असे वाचले तर संस्थापकांच्या यादीत आपल्याला बरीच नावे वाढवावी लागतील. त्यांतली बहुतेक आता सापडणार नाहीत. ज्यांनी तो डबा खाल्ला ते मात्र अजून आपल्यात आहेत, काही तर आपल्याच शिक्षककक्षात. त्यांना विचारायला हवे.