माळ्यावर सापडलेला 'रविवर्मा'

२०२३ साली राजा रविवर्मा यांचं 'यशोदा आणि कृष्ण' हे तैलचित्र लिलावात ३८ कोटींना गेलं. तेव्हापासून माझ्या व्हॉट्सअॅपवर जुन्या तसबिरींचे फोटो येतायत. वाशिंद, खातिवली, आसनगावकडे कौलारू घरं पाडून बिल्डिंगा होतायत. माळा रिकामा करताना धुरकटलेली लक्ष्मी नाहीतर विश्वामित्र-मेनका निघते. प्रश्न ठरलेला : "दादा, रविवर्माच ना? किती येतील?"

मंडळी, किंमत नंतर. आधी वस्तू काय आहे ते पाहू.

रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. प्लेगच्या काळात तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर चित्र उतरवायचं, रंगागणिक वेगळा दगड, आणि एकावर एक छपाई. अशा हजारो प्रती घराघरांत गेल्या. आपल्याकडे निघतात त्या बहुतेक याच. भिंग घेऊन चेहरा पाहा. बारीक ठिपके दिसले तर छापील, ब्रशचे फटकारे दिसले तर हाताने रंगवलेलं. नुसतं बोट फिरवून ठरवू नका, कारण काही छापील प्रतींनाही वॉर्निश आणि कॅनव्हाससारखा खरखरीतपणा दिलेला असतो.

दुसरं, खाली 'रविवर्मा प्रेस' असलं म्हणजे चित्र रविवर्मांचंच असं नाही. प्रेस त्यांनी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९०६ मध्ये रविवर्मा गेले, प्रेस मात्र पुढे अनेक वर्षं चालला आणि दुसऱ्या चित्रकारांची चित्रंही छापत राहिला. पुण्याच्या चित्रशाळेत तर त्यांच्या आधीपासून पौराणिक चित्रं छापली जायची. आपण सगळ्यांनाच 'रविवर्मा' म्हणून मोकळे होतो.

असा घोळ मोठमोठ्या संग्रहालयांतही झालाय. हॉलंडचा रेम्ब्रांट सतराव्या शतकातला. पुराणकथांवरही चित्रं काढायचा. त्याच्या हाताखाली शिकणारे त्याच्याच ढंगात रंगवायचे. १९६८ मध्ये डच अभ्यासकांनी एकेक चित्र तपासायला घेतलं : लाकूड, कापड, रंगांचे थर, क्ष-किरण, मालकीची कागदपत्रं. त्याच्या नावावरची कितीतरी चित्रं कमी झाली. बर्लिनच्या संग्रहालयातलं सोनेरी शिरस्त्राण घातलेल्या माणसाचं गाजलेलं चित्रही त्याचं नाही, असं १९८० च्या दशकात ठरलं. नाव गेलं, पण चित्र कोणी फेकलं नाही. ते आजही जपलेलं आहे.

आपल्याकडे मात्र दोनच टोकं. एकतर भंगारवाल्याला शंभर-दोनशेत, नाहीतर कोटींच्या आशेवर भावाभावांत वाद.

म्हणून एवढं करा. ओल्या फडक्याने पुसू नका. जुनी फ्रेम आणि मागचा पुठ्ठा टाकू नका, दुकानाची चिठ्ठी तिथेच सापडते. पुढचा, मागचा आणि खालच्या छापील ओळीचा फोटो काढा. कोणी, कुठून, कधी आणलं हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा, ती माणसं आहेत तोवरच. ब्रशचं काम वाटलं तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रं जतन करणारा विभाग आहे, तिथे चौकशी करा. दारावर आलेल्या माणसाच्या हाती देऊ नका. रविवर्मांची मूळ चित्रं कायद्याने देशाचा कलाठेवा आहेत, परदेशी विकायला नेता येत नाहीत.

छापील निघालं तरी हिरमुसू नका. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्या भिंतीवर देव आला तो या कागदामुळे. आपल्या पंचक्रोशीत असे कागद किती उरलेत, याची यादी करायला घेतोय. फोटो पाठवा. भाव मात्र विचारू नका.